फुकनी

मेडिकलला तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे
माझी खोली. दिवसाला तीस-चाळीस छात्या.
पुठ्ठ्याची नळी तोंडात, नाकाला चिमटा,
आणि मी ओरडते:
फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून,
थांबू नका, आहे तेवढं सगळं बाहेर काढा.
बाहेर बाकड्यावरचे हसतात.
नवख्याला वाटतं, आत बाळंतपण चाललंय.

पैकुजी नंदनवार, वय चौसष्ट.
व्यवसाय काय लिहू?
म्हणाले, लिहा शिंगाडा.
मग जरा थांबून: होता.

तलाव सोसायटीचा, लिलावात घेतलेला,
कोराडीकडच्या चिमण्या काठावरून मोजता येतील एवढ्यावर.
पेपरात छापावं असं काहीच झालं नाही, म्हणाले.
फुटलं नाही, पेटलं नाही.
वैशाखात वारा सुटायचा, अन् बसायची.
पानावर. डोंग्यावर. वाळत घातलेल्या जाळ्यावर.
शिंगाड्याचं पान उताणं असतं जी, तळहातासारखं,
जे पडलं ते धरून ठेवते.
दोन सालं पानन् पान धुतलं डोंग्यात बसून.
धुवाचं कायनं? पाण्यानंच ना.

मरळ गेली. मग बगळे.
बारक्या मासोळ्या गेल्या तेव्हा कोणाच्या ध्यानात नाही आलं,
त्या काय खायच्या ते
घरोघरी ताप निघाले तेव्हा कळलं.
काठाला आता बेशरम माजली आहे, जांभळी फुलं.
फोटो काढायला येतात पोरं.

बिडी?
कधीच नाही. खर्रा खातो, खोटं कायले बोलू.
आणि राख, मॅडम, आम्हीबी आणली.
फुकट भेटे. दोन ट्रॉल्या.
पोराचं घर त्याच विटांचं हाय.

मी काही बोलले नाही.
मनीषनगरला चौथ्या माळ्यावर माझ्याही भिंती
कशाच्या आहेत, मला माहीत आहे.
नवतप्यात आमचा एसी रात्रभर चालतो
आणि मी नीट झोपते.
हे मशीनसुद्धा काही वाऱ्यावर चालत नाही.

निरोगी फुंकीची रेघ झर्रकन चढते
आणि सरळ घसरगुंडीनं खाली येते.
पैकुजींची चढली जेमतेम,
मग मध्येच खचली,
विरजलेल्या दह्यात कुणी चमचा घालावा तशी.

तेवढ्यात सुगंधाबाई, त्यांची बायको,
वापरून झालेली नळी उचलून बघत म्हणाली,
हे तं फुकनीच होय.
जन्मभर चुलीपाशी म्या फुकली,
अन् छाती यायची कशी गेली?

तिची चिठ्ठी नव्हती. केसपेपर नव्हता.
नवी नळी लावली, चिमटा लावला.
ती फुंकली खरी, सरावाची असल्यासारखी, गाल न फुगवता.
आकडा नवऱ्यापेक्षा खाली आला.
पास का जी? म्हणाली.
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
वीस वर्षांत हे वाक्य
मी इतकं हळू कधी बोलले नव्हते.

त्या दिवशी मारबत होती, निम्मा स्टाफ सुटीवर.
शिपायाच्या मोबाइलवर इतवारीचा गोंगाट चालू होता,
खोकला ने, ताप ने, रोगराई ने म्हणून
सारं शहर त्या बाईच्या मागे धावत होतं.
खरंच नेते का?
नेते की, शिपाई म्हणाला, मग जाळतात तिला.
सुगंधाबाईनं पदर सारखा केला.
मंग राख?

जाताना टेबलावर पिशवी ठेवून गेली.
मूठभर वाळके शिंगाडे, तलाव होता तेव्हाचे,
घरच्या डब्यातले शेवटचे असावेत.
नको म्हणायला हवं होतं.
पुढचा पेशंट आत आला होता, मी चिमटा शोधत होते.

रात्री घरी तीनदा धुतले.
तिसऱ्या पाण्यालाही जराशी कळा वाटली,
की पातेलंच ॲल्युमिनियमचं होतं.
दिव्याखाली धरून बघितलं.
दिवा लख्ख होता.