मंगळवारी मोजलेलं पाणी

हॅमर मिटलाय.
आठ दिवस झाले, बोटं बाहेर काढत नाही.
कडेचं मांस आक्रसून आत गेलंय
आणि खाली सांगाडा उघडा पडलाय,
रांगोळीसारखा कोरा, खरखरीत.

वारज्यात, चौथ्या मजल्यावर,
खडकवासल्याचं पाणी आरओतून गाळून
मी बादलीत समुद्र कालवते.
वीस लिटरला साडेसातशे ग्रॅम.
आई म्हणते, एवढ्या मिठात
गल्लीभर लोणची झाली असती.

आधी खारटपणा. काचेवर एक थेंब,
नळी डोळ्याला, तोंड खिडकीकडे.
पस्तीस. बरोबर.
तापमान सव्वीस.
पण गुरुवारी चार तास लाईट नव्हती,
तेव्हा एकोणतीसवर गेलं होतं.
मी ऑफिसात कुणाची तरी व्हाउचरं तपासत होते,
आई पंख्यावाचून दार उघडं टाकून झोपलेली.
त्याचंच असेल.

मग थेंब. निळ्याचं पिवळं होईस्तोवर
हलवत राहायचं आणि मोजायचं,
सहा, सात,
फोन वाजला. पुन्हा पहिल्यापासून.
आठ. हेही बरोबर.
सगळं बरोबर असताना कुणी इतकं मिटतं?

इरफान शिकलगार, ज्याच्या टाकीतून हा तुकडा आणला,
म्हणाला, ताई, एका वेळी एकच बदला.
दहा गोष्टी बदललात तर
जगलं कशानं ते कळणार नाही,
आणि मेलं कशानं तेही.
म्हणून दिव्याचा उजेड निम्मा केला. चार दिवस थांबले.
पंपाचं तोंड भिंतीकडे वळवलं. थांबले.
झोआंची बटणंही एकेक करून मिटली.

मग गोगलगाय काचेवरून पडली.
सुलटी केली, पुन्हा पडली.
हे सांगितल्यावर इरफान जरा वेळ गप्प.
मग म्हणाला, आत कुठं धातू आहे का?

नाही, म्हणाले मी.
फोन ठेवला, आणि अनामिकेकडे बघितलं.

चौतिसावं लागलं तेव्हा आईनं करून घेतलेली.
तांब्याच्या कोंदणात पोवळं,
मंगळवारी, कच्च्या दुधात बुडवून.
पत्रिकेतला मंगळ शांत व्हायला.
फेब्रुवारीत काच घासताना
ती साबणासारखी सटकली. मला कळलं होतं.
हात बाहेर काढला,
बोट हलकं लागलं,
आणि मी शोधली नाही.
आईला सांगितलं, ऑफिसात पडली.

काल रात्री लांब चिमट्यानं
मागच्या दगडाच्या खाचेतून काढली.
कोंदण हिरवंगार, खाल्लेलं.
पोवळं मात्र तसंच लाल,
दोन महिने माहेरी राहून आलेलं.

कार्बनची पिशवी लावली.
आता रोज वीस लिटर पाणी काढायचं, वीस घालायचं,
तेवढंच खारट, तेवढंच कोमट.
खायला काही द्यायचं नाही, हात लावायचा नाही.
उष्णतेनं की तांब्यानं, इरफान नक्की सांगत नाही.
दोन्ही असेल, म्हणतो.

बादलीचं दुसरं टोक आई धरते.
ओट्यावर तिला ती अंगठी दिसली.
उचलली, उजेडात फिरवली.
मी पाण्यात थर्मामीटर बुडवून उभी.
काही बोलली नाही ती.
चिंच घेतली आणि घासत बसली,
हिरवं जाऊन तांबं वर येईपर्यंत,
मग धुऊन साबणाच्या ताटलीत ठेवून दिली.
घाल म्हणाली नाही.

दीडला जाग आली तर बाहेरच्या खोलीत
आई टाकीसमोर स्टुलावर,
मोबाईलचा उजेड पदराआड धरून.
मी बटणाकडे हात नेला.
लावू नकोस, म्हणाली.
एक बोट काढलंय त्यानं.