बारावी

गुण दहा. त्यांचेही दहा.
तीन जिंकलो, एक हरलो, एक बरोबरीत;
त्यांचंही तेच, जणू जयसिंगपूरच्या मुलींनी
आमचीच वही बघून गणित सोडवलेलं.

टेबलापाशी डुणुंग सर
चष्मा कपाळावर ढकलून नियमावली चाळत होते,
पानापानावर चहाच्या कपांचे गोल.

गोलफरक: चार. चार.
केलेले गोल: नऊ. नऊ.
आपापसातला सामना: एक-एक,
आणि त्या एका गोलासाठी उज्मानं
गुडघ्याची साल टर्फवर ठेवलेली,
ती अजून तिथंच असेल, डीच्या कडेला.

'आता काय, छापा-काटा?' कुणीतरी विचारलं.
'न्हाई,' सर म्हणाले, 'त्याच्या आधी एक कलम हाय.
कार्डं.'

त्यांच्या नावावर शून्य.
आमच्या नावावर एक हिरवं.

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.
बघितलं नाही म्हणजे किती बघितलं नाही,
ते बाकावर बसणारीलाच कळतं.

मंगळवार. तिसरा सामना. आम्ही तीन गोलांनी पुढं.
मॅडमनी हाक मारली, 'जा गं, प्रतिभाच्या जागी.'
सहा महिने पहाटे साडेपाचला
कळंब्याहून सायकल मारत आलेले पाय,
ते काय प्रतिभा बाहेर येईपर्यंत थांबतात होय?
ती रेषेच्या आत, मीही आत.
तीन सेकंद मैदानात आम्ही बाराजणी होतो.
मी बारावी.
शिट्टी.
दोन मिनिटं खुर्चीवर, आणि ती संपली तेव्हा
मॅडमनी प्रतिभालाच परत पाठवलं.

एकही पास नाही,
चेंडूला काठीचा स्पर्श नाही.
साऱ्या स्पर्धेच्या कागदांत माझी ही एकच ओळ,
आणि तिच्यावर ठरलं:
जयसिंगपूर तिसरं, आम्ही चौथे.
चौथ्याची गाठ पहिल्याशी. उद्या सकाळी आठ,
इस्लामपूरवाल्या, ज्यांनी पाच सामन्यांत
एकच गोल खाल्लाय, तोही म्हणे वाऱ्यानं.

गेटाबाहेर कटवड्याच्या गाडीवर उज्मा म्हणाली,
'आज न्हाई तर परवा, गाठ पडणारच हुती की त्यांच्याशी.'
आणि तिचा पाव माझ्या कटात बुडवला,
न विचारता.

मी परत आत गेले. सर टेबल आवरत होते.
'सर, ते कार्डाचं पान बघू.'
त्यांना वाटलं, तक्रार.
'खाडाखोड चालत न्हाई, पोरी.'
'कार्ड राहू दे, सर. आडनाव चुकलंय.
वडगावकर नाही. वडणगेकर.'

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
आधीचं खोडलं, नवं लिहिलं,
बाजूला बारीक सही केली.
मग विचारलं, 'उद्या खेळणार हाईस?'
म्हटलं, प्रतिभा बाहेर आली की.
पूर्ण बाहेर.