मगदुमांचं घर

पाटीवर समाजमंदिर.
पत्रिकेत अजून छापतात, स्थळ : मगदुमांचं घर.

चूल होती तिथं मंडळाचा भोंगा,
सतरंज्यांची चळत.
बाळंतिणीच्या खोलीत
दूध संस्थेची मीटिंग.

रंगारी आला तेव्हा सरपंचबाई म्हणाल्या,
चौकट तेवढी सोड.
तिच्यावर विळ्याच्या खाचा :
श्रीपाल, सात वर्षं.
कुसुम, नऊ.
पाच सालची पंचगंगा,
कुसुमपेक्षा वीतभर उंच.
एकोणीसच्या पंचगंगेची खाच पाडायला
स्टूल लागलं.

परवा श्रीपालअण्णा इचलकरंजीहून आला,
नातीच्या साखरपुड्याला.
भाडं भरलं, पावती घडी करून खिशात ठेवली
अन् चौकटीला पाठ लावून
उभा राहिला जरा.

आतनं आचारी ओरडला, मीठ कुठाय हो?

अण्णा म्हणाला,
फडताळात, डाव्या हाताला.