डावा हात

नारीनच्या इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीबाहेर
एर्मेक बसलाय बाकाच्या अगदी कडेला,
मागे सरकून बसलं की पाय लोंबतात म्हणून.
पंधरा पूर्ण. खिडकीतल्या बाईनं विचारलं,
"आई कुठेय रे, बाळा?"
मी म्हटलं, मी बहीण. तो काही बोलला नाही.
त्याचा आवाज ऐकला की लोक वळून बघतात,
म्हणून हल्ली तो मानेनंच बोलतो.

वर्गातली पोरं उन्हाळ्यात कुरणांवर गेली
आणि परतली ती दुसऱ्याच कुणाचे तरी खांदे लावून.
अझीमचा घसा फुटला, तालायला मिसरूड.
एर्मेकची विजार तीच, तिसरं वर्ष.
गुडघ्यावर विरली,
आखूड झाली नाही.

हे मानवलं ते एकट्या कुबातमामाला.
वीस किलोमीटरच्या शर्यतीत घोड्यावर पोर हलकं हवं.
दुसऱ्यांचे स्वार वाढतात, जड होतात, गळतात;
आमचा टिकला.
चार शर्यती. एक गालिचा, एक टीव्ही, एक कालवड, रोख पैसे.
भोंग्यावरून निवेदक ओरडायचा, "पाहा हा चिमुकला!"
आणि डोंगर ते परत म्हणायचा.
मामा पाठ थोपटायचा त्या घोड्याची आणि ह्याची,
एकाच हाताने, एकाच जोराने.
रात्री मी पाहिलंय, मोबाइलच्या उजेडात
एर्मेक ओठावरची जागा बोटानं चाचपतो,
हरवलेली सुई शोधावी तशी.

डॉक्टर जिपारगुलनी फिल्म दिव्यावर लावली.
डावा हात. पाच बोटं, काळोखात पांढरी,
आणि पेरापेरांत एक फट,
जणू कुणी वाक्य लिहिता लिहिता उठून गेलंय.
"हाडांचं वय साडेअकरा," त्या म्हणाल्या
माझ्याकडे नव्हे, त्याच्याकडे बघून.
"ही फट आहे तोवर वाढ शिल्लक आहे.
रक्त तपासू. सहा महिन्यांनी परत ये.
तरी काही हललं नाही, तर थोडं औषध देऊन ढकलता येतं.
घरात आणखी कुणी असं उशिरा?"

बाबा येकातेरिनबुर्गला, सतराव्या मजल्यावर विटा चढवतात.
फोनवर वारा. मग बराच वेळ नुसता वारा.
"मीच," ते म्हणाले.
"पलटणीत सगळ्यांत छोटे बूट मला दिले होते,
त्यांतही चिंध्या कोंबायचो.
दोन वर्षांनी घरी आलो तर आईनं दारात विचारलं,
कोण हवंय?"
बाबा, कधी बोलला नाहीत.
"संपलं की माणूस विसरतो गं. विसरायलाच तर बघतो."
एर्मेकनं फोन माझ्या हातातून घेतला.
काही विचारलं नाही. कानाला लावून
बाबांकडचा वारा ऐकत राहिला.

घरी मामानं फिल्म खिडकीला धरली,
मागे बर्फाचा उजेड.
मामा घोड्याचा जबडा उघडून वय सांगतो,
महिन्यासकट, कधी चुकत नाही.
कागदावरचं काही त्याला वाचता येत नाही,
पण फटींवर त्याचा अंगठा थांबला.
"हे तर दोन वर्षांच्या शिंगराचे गुडघे," तो म्हणाला.
"अजून उघडे. यावर कुणी..."
आणि गप्प झाला.
चार शर्यती त्याच्या तोंडावरून एकेक करून गेल्या.

रक्ताचे कागद ठीक आले.
बाकी काही घडलेलं नाही.
एर्मेक तेवढाच आहे, विजारही.
शाळेत कुणी बाळ म्हटलं की अजून कान लाल होतात;
फक्त एकदा त्यानं डावा हात वर करून दाखवला,
पंजा ताणून, न बोलता,
आणि अझीमला कळेना हसावं की काय करावं.

काल तबेल्यात गेले दूध काढायला.
मामा रिकिबीचे पट्टे मांडीवर घेऊन बसला होता.
वरची भोकं, एर्मेकसाठी त्यानंच पाडलेली,
वापरून वापरून लांबट झालीत.
खालची बुजलीत, चरबीनं, मातीनं.
दाभण घेऊन तो ती खालची कोरत होता,
एकेक,
फुंकर मारून पलीकडचा उजेड दिसतो का बघत.