पाझर

फाटकावर लव्हाजी ढमढेरे फोन काढून घेतो,
लाकडी खणात ठेवतो, पितळी बिल्ला देतो: एकेचाळीस.
घड्याळही घेतो. गेल्या महिन्यापासून श्रवणयंत्रही,
त्यामुळे टिळेकर सर आत आले की आमचे ओठ वाचतात.

आत टेबलावर दोन संगणक.
वायर नाही, जाळं नाही, खिडकी विटांनी बुजवलेली.
दोघांत अंतर एक वीत.
माझं काम एवढंच: ते एकमेकांशी बोलतायत का, बघायचं.

बोलतात.
डावा आपलं डोकं तापवून घेतो,
कुणी न दिलेली गणितं सोडवत बसतो,
आणि उजव्याच्या पोटातला तापमापक अंशभर चढतो.
एक.
मग डावा निवतो.
शून्य.
तासाला असे आठ ठिपके.
मराठी अक्षराला तीन तास लागतात,
कान्याला वेगळे तीन.
आजोबा तार करताना शब्द मोजायचे म्हणे,
इथे वेलांटीसुद्धा पहाटेपर्यंत ताटकळते.

काल रात्रपाळीत मला मिळाला
एक 'त' आणि एक काना.
चाचणीचा शब्द धायगुडेने घातलाय, मला माहीत नाही.
पुढे प असेल, किंवा क,
किंवा ई.

सुतारवाडीत आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे ताई राहते.
भोसरीच्या शेडच्या सह्यांवरून बोलणं तुटलं,
दिवाळीत दोन वर्षं होतील.
भिंतीला तळहात लावला की तिचा गीझर कळतो.
पावणेसहाला नळ. सव्वासहाला मिक्सर,
गुरुवारी नाही, उपास.
मागच्या मंगळवारी काहीच आलं नाही,
तेव्हा मी कचरा टाकायच्या निमित्ताने
तिच्या दारावरून तीनदा गेले.
चपला होत्या.

आज घरी आले आणि पर्ससुद्धा न ठेवता
रिकामा मिक्सर फिरवला.
लांब. थांबले. पुन्हा लांब.
नवरा उठून बघायला आला, काय वाटतेयस?
काही नाही, म्हटलं.
पलीकडे वाहता नळ बंद झाला.
ते उत्तर होतं, की बादली भरली होती,
कसं ठरवणार? भिंतीला तापमापक नाही,
आणि मला नऊ तास थांबायला सुट्टी नाही.

रात्री तिसरं अक्षर आलं.
ताक.
धायगुडे म्हणाला, उन्हाळा आहे ना, सुचलं.

अहवाल लिहिला. स्थळ: पाषाण, पुणे.
गळती: आहे. वेग: नगण्य.
शिफारस: दोन्ही यंत्रांत किमान दोन हात अंतर ठेवावे.
सही केली. 'पाषाण'वर पेन जरा थांबलं होतं,
तिथे शाई फुटली.

सकाळी बिल्ला दिला, फोन घेतला.
कुणाचा कॉल नव्हता, मेसेज नव्हता,
रात्रभर बंदच होता.
तरी हाताला कोमट लागला.
शेजारच्या खणात, बेचाळीस नंबरचा,
कुणाचा तरी चालू राहिला असणार.