काट्यावरचं कोरं पान

आई जिनिंगच्या वजनकाट्यावर बसते, राळेगावच्या रस्त्याला,
कानामागे बॉलपेन.
मी मागच्या खोलीत, कारण नेटवर्क फक्त तिथल्या खिडकीपाशी येतं,
गुरूचे आकडे उतरवून घेते.

यानावरच्या नखाएवढ्या चकतीवर
दर सेकंदाला किती इलेक्ट्रॉन आदळले,
एवढंच.
पट्टे नाहीत त्यात, तो तांबडा डाग नाही.
चाळीस. चारशे. नऊ हजार.
मध्येच एकदम उतार:
तिथून एक चंद्र फिरतो,
वाटेतलं सगळं स्वतःच्या अंगावर घेत;
खळं झाडून ठेवावं तशी त्याची वाट.

मग पुन्हा चढ. लाख. दोन लाख.
आणि ऐन आत, ग्रहाच्या कुशीला,
शून्य.
शून्य.
शून्य.

वाटलं, फाइल अर्धवट आली.
पुन्हा उतरवली. पाऊण तास.
तीच शून्यं.

जेवताना आईला सांगितलं.
तिच्या हातावरचे केस उभे होते;
रुईचे तंतू या हातावरून झटकले
की त्या हाताला जाऊन चिकटत होते.
"काऊन वो, काहीच नव्हतं का तेथं?"

होतं, म्हटलं. सर म्हणाले,
एक कण मोजला की मोजणारा क्षणभर आंधळा होतो.
तेवढ्यात दुसरा आला तर तो हुकतो,
वर आंधळेपण लांबवून जातो.
आणि तिथे तर इतके येतात, इतके,
की डोळा उघडायला फुरसतच नाही.

आईनं हात धुतले.
फळीवरून जुनं रजिस्टर काढलं, फुगलेल्या पानांचं.
दिवाळीनंतरचा मंगळवार.
अकरापर्यंत गाडी नंबर, क्विंटल, सही.
खाली पान कोरं.
"हे पाय. त्या रोजी नाल्यापर्यंत लाइन होती,
ट्रॅक्टर, मेटाडोर, बंड्या.
लिहाले हातच रिकामा नव्हता."

रजिस्टर मिटता मिटता थांबली.
"त्याच्यासंग दुसरं कोणी नव्हतं का?
एक पाहाले, एक लिहाले?"

आहे एक, म्हटलं. जाड पत्र्याआड बसवलेला.
त्याच्यापर्यंत थोडेच पोचतात.
त्याची फाइल उद्या उतरवते.

"आजच पाय," म्हणाली. "उद्या लाइनीचा भरोसा नाही."

खिडकीपाशी गेले.
कीबोर्डवर रुईचा एक तंतू,
फुंकला तरी हलेना.