नव्वद अंश

फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस.
शेडमधून मोटरसायकलचा एकेक भाग आत आला:
पेट्रोलची टाकी, दोन्ही बाजूंची झाकणं,
शेपटीचा तुकडा, पुढचा मडगार्ड.
दारातून येताच सगळे घामेजले
आणि रात्रभर साउनाच्या उंबऱ्याशी बसून राहिले
लाजऱ्या पाहुण्यांसारखे.

थंडीत विनाइल चिकटत नाही, ओस्मो म्हणाला.
त्या आठवड्यातलं त्याचं सर्वांत लांब वाक्य.

म्हणून माझं स्वयंपाकघर गेलं.
इस्त्रीच्या टेबलावर टाकी,
ओट्यावर स्पिरिटचा वास,
कॉफीच्या कपात कटरची पाती.
माझा हेअर ड्रायर न विचारता नेला,
दहा मिनिटांनी परत आणून ठेवला.
"याच्यात दम नाही."
मग शेजारच्या पेंट्टीकडून हीट गन आली.
मांजराला झोपायच्या खोलीत कोंडलं.
एक केस जरी खाली अडकला
तर जन्मभर दिसेल.

एकतीस वर्षं हा माणूस कागदगिरणीत होता,
नदी समुद्राला मिळते तिथे.
आठ मीटर रुंद ओला कागद
त्याच्या डोळ्यांपुढून धावत सुटायचा
आणि सुरकुती पडायच्या आधीच
ती याला ऐकू यायची.
कागद तुटला की भोंगा, पळापळ, शिव्या.
गिरणी बंद झाली त्या दिवशी
भोंगा वाजलाच नाही.
डबा घेऊन घरी आला, हात धुतले,
आणि ते हात चार वर्षं
मांडीवर पडून होते.

मी बटाटे सोलता सोलता बघते.
पाठचा कागद सुटतो, शेवाळी हिरवा ताव मोकळा होतो,
एक टोक तो माझ्या हातात देतो.
"ओढू नकोस. नुसतं धर."
धरते.
मधून बाहेर, मधून बाहेर
फेल्टची कड लावलेली पट्टी फिरते,
खालची हवा पुढे पुढे पळते
आणि कडेला जाऊन निमूट निघून जाते.

पण टाकी सगळीकडून गोल, ताव सपाट जन्मलेला.
गुडघा टेकतो त्या खोबणीपाशी
दोघांचं पटत नाही.
बोटभर सुरकुती.
मी शिवीची वाट बघते.
तो ताव हळूच उचलतो, गरम हवा देतो,
आणि बघता बघता
सुरकुती आक्रसून नाहीशी.
"याला आठवतं," ओस्मो म्हणतो.
"गरम झालं की आपलं मूळ माप आठवतं."

मग ते टिकतं कसं?

"शेवटी आणखी तापवायचं. नव्वद अंशांवर आठवण मोडते.
नाहीतर कितीही दाब,
रात्रीतून खोबणीतलं उठून येतं."

बटाटा माझ्या हातात तसाच.
बोलण्यासारखं पुष्कळ होतं.
मी पाण्यात मीठ घातलं.

चार वाजता उजेड संपला.
तापमान मोजायच्या यंत्राचा लाल ठिपका
मी टाकीवर फिरवत होते, आकडे वाचत होते:
एकोणऐंशी. त्र्याऐंशी. जरा डावीकडे.
अठ्ठ्याऐंशी.
तो हीट गन घेऊन ठिपक्याच्या मागे मागे.
इतका वेळ आम्ही एकाच गोष्टीकडे
शेवटचं कधी बघितलं होतं?
नव्वद, मी म्हटलं, जरा मोठ्यानेच,
आणि आतल्या खोलीत मांजर ओरडलं.

उरलेल्या पट्टीने त्याने
माझ्या बर्फावरच्या ढकलगाडीची मूठ मढवली.
मी मागितली नव्हती.

पहाटे त्याच्या आधी उठले.
अनवाणी, दिवा न लावता,
आधी खोबणीवर बोट फिरवलं.
काही उठलं नव्हतं.
मग दिवा लावला, तेव्हा दिसला
शेपटीच्या तुकड्यावर, हिरव्याखाली,
मांजराचा एक केस,
वाकडा, चांगला बोटभर.
आणि त्याच्या अगदी शेजारी, चमक नसलेल्या रंगावर,
ओस्मोच्या अंगठ्याचा ठसा.

मी तो ठसा पुसला नाही.
खोलीचं दार उघडलं,
मांजर शेपटी उभारून बाहेर आलं,
टाकीकडे ढुंकूनही न बघता
दुधाच्या बशीपाशी जाऊन बसलं.